धोतर, लुगडे आणि करकोचा : त्वचेच्या कर्करोगाच्या नावांचा एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

कुर्डुवाडी रेल्वेस्थानकाचे जुने नाव 'बार्शी रोड' असे होते. १८९७ साली येथून बार्शीकडे लाइट रेल्वेची नॅरोगेज गाडी धावू लागली. हे नाव प्रवाशाला तो कोठे उतरला हे सांगत नसे. येथून कोठे जाता येईल, ते सांगे. नाव हे स्मरणाचे साधन असते, परंतु ते काय ध्यानात ठेवते आणि काय विसरते हे नाव ठेवणाऱ्याच्या दृष्टीवर अवलंबून असते. रोगांच्या नावांचेही असेच आहे. प्रस्तुत लेखात त्वचेच्या कर्करोगाच्या, विशेषतः स्क्वॅमस पेशींच्या कर्करोगाच्या, भारतीय नावांचा या दृष्टीने विचार केला आहे.

अक्षरे आणि वस्तू

त्वचेच्या कर्करोगाचे सर्वांत प्रसिद्ध स्मरणसूत्र १९८५ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातील डॉक्टरांनी मांडले. तिळाचा असमान आकार, वेड्यावाकड्या कडा, रंगातील फरक आणि सहा मिलिमीटरपेक्षा मोठा व्यास या चार खुणा इंग्रजी वर्णमालेच्या 'ए, बी, सी, डी' या पहिल्या चार अक्षरांत त्यांनी बसविल्या. २००४ मध्ये त्यात 'ई', म्हणजे तिळात होत जाणारा बदल, ही पाचवी खूण जोडली गेली. हे सूत्र उपयुक्त आहे, यात शंका नाही. तथापि ते मेलॅनोमा या प्रकारासाठी आणि मुख्यतः गोऱ्या कातडीसाठी रचलेले आहे. सावळ्या कातडीत मेलॅनोमा मुळात विरळा, आणि झालाच तर तो बहुधा तळपाय, तळहात वा नखाखाली आढळतो. शिवाय मराठीत ही अक्षरे कोणत्याच शब्दाची आद्याक्षरे ठरत नाहीत. आपले विद्यार्थी ती पाठ करतात, पण घरी जाऊन आईला सांगू शकत नाहीत.

भारतात याहून वेगळी परंपरा निर्माण झाली. १८६६ मध्ये काश्मीरमधील मिशनरी डॉक्टर एल्मस्ली यांनी तेथील लोकांच्या पोटावर व मांड्यांवर होणाऱ्या कर्करोगाचा संबंध फेरणाखाली धरल्या जाणाऱ्या निखाऱ्यांच्या कांगडीशी जोडला. पुढे 'कांगडी कर्करोग' हे नाव रूढ झाले. या एका शब्दात रोगाचे कारण, शरीरावरील जागा आणि टाळण्याचा उपाय ही तिन्ही सामावलेली आहेत. अक्षरांचे सूत्र केवळ रोग कसा दिसतो ते सांगते. वस्तूचे नाव तो का झाला तेही सांगते.

धोतर : १९४५

ही परंपरा महाराष्ट्रात आणण्याचे श्रेय डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांना द्यावे लागेल. १९४१ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील प्रयोगशाळांचे ते प्रमुख होते. १९४५ मध्ये त्यांनी बी. सूर्याबाई यांच्यासह एका अमेरिकन नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला व त्यात लोकांच्या सवयींशी निगडित असे कर्करोगाचे तीन नवे भारतीय प्रकार नोंदविले. चुट्टा व खैनी यांच्यासोबत त्यात 'धोतराचा कर्करोग' होता. कमरेला घट्ट कसलेले धोतर वर्षानुवर्षे एकाच जागी घासते, घाम व मळ साचतो, कातडी जाड होते, तिचा रंग बदलतो, आणि क्वचित त्याच जागी न भरणारा व्रण होऊन त्यातून कर्करोग उद्भवतो, असे हे निदान होते. परदेशी पाठ्यपुस्तकात न सापडणारा रोग रुग्णाच्या वस्त्रावरून ओळखण्याची ही दृष्टी प्रस्तुत लेखकास विशेष मोलाची वाटते.

परकर : २०२४

धोतर मागे पडले तसे 'साडीचा कर्करोग' हे नाव पुढे आले. २०२४ च्या नोव्हेंबरात वर्धा व बिहारमधील मधुबनी येथील डॉक्टरांनी एका ब्रिटिश नियतकालिकात दोन रुग्णांची नोंद प्रसिद्ध करून नाव दुरुस्त करण्याची सूचना केली. दोष साडीचा नसून परकराच्या घट्ट नाडीचा आहे, म्हणून यास 'परकराचा कर्करोग' म्हणावे, असे त्यांचे म्हणणे. सत्तर वर्षांच्या एका स्त्रीच्या उजव्या कुशीवर अठरा महिने व्रण होता. तिच्या बाबतीत हे नाव चपखल बसते. परंतु दुसरी स्त्री चाळीस वर्षे लुगडे नेसत होती, आणि तेही परकराशिवाय! रोग तिच्या जांघेतील लसिकाग्रंथीपर्यंत पोहोचला होता. अधिक अचूक म्हणून सुचविलेल्या नावाने निबंधातील दोनपैकी एका रुग्णालाच वगळले, हे लक्षात घेतले पाहिजे. माढा तालुक्यातील बाजाराच्या दिवशी लुगडे नेसलेल्या वृद्धा आजही दिसतात. परकराचे नाव ऐकून त्यांना हा इशारा आपल्यासाठी आहे असे का वाटावे?

करकोचा

घट्ट बांधल्याने कातडीवर उमटणाऱ्या खोलगट खुणेला मराठीत 'करकोचा' म्हणतात. (त्याच नावाच्या पक्ष्याशी येथे कर्तव्य नाही.) प्रस्तुत लेखकाच्या आजीच्या कमरेभोवती असा काळपट, राठ पट्टा होता. त्याला खाज येई. ती खोबरेल लावी आणि पुन्हा त्याच जागी गाठ कसे. तो कर्करोग नव्हता, परंतु घरातील कोणीही त्याविषयी तिला कधी विचारले नाही, आणि तिनेही स्वतःहून सांगितले नाही. कमरेची जागा दाखविण्यातील संकोच हा या रोगाच्या इतिहासाचा न लिहिलेला भाग आहे. करकोचा हा शब्द धोतर, लुगडे, परकर, करदोटा या सर्वांना लागू पडतो, आणि तो कोणास शिकवावा लागत नाही.

बोलीतून सांगितलेली लक्षणे लोकांच्या ध्यानात राहतात, याचा पुरावा दूर शोधावा लागत नाही. १९८७ मध्ये बार्शी येथे भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम तालुक्यांतील गावोगावी कार्यकर्ते जात, लोकांना भेटत, लक्षणे सांगत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया त्यानंतर अधिक लवकरच्या अवस्थेत उपचारास येऊ लागल्याचे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. तो रोग वेगळा होता, परंतु संकोच हाच होता. महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात विद्यार्थिनींनी गावातील आज्यांना दोनच प्रश्न विचारावेत : करकोचा पडलेल्या जागेचा रंग उडाला आहे का, आणि तेथे काही आठवडे न भरलेली जखम आहे का? उत्तर होकारार्थी असल्यास नाडी सैल करावी, गाठीची जागा बदलावी आणि जखम डॉक्टरांना दाखवावी. कुर्डुवाडीहून बार्शीला जायला आज तासभरही लागत नाही.