मागील पानावरून पुढे

मी बँकेत कारकून आहे. घरी पाहुणे आले की सौभाग्यवती "हे बँकेत असतात" एवढेच सांगून चहा टाकायला उठते. पुढचा प्रश्न येऊ नये हा त्यातला हेतू. तरीही एखादा चिवट पाहुणा "ऑफिसर का?" असे विचारतोच. तेव्हा आतून आवाज येतो, "तुम्हाला साखर किती?" वीस-बावीस वर्षांच्या संसारात ही साखर कधी चुकलेली नाही.

कारकून या शब्दाला मराठीत मुळी इज्जतच नाही. कारकुंडा काय, खर्डेघाशा काय! वास्तविक फारशीत 'कार' म्हणजे काम आणि 'कुन' म्हणजे करणारा. तेव्हा कारकून म्हणजे काम करणारा. हा अर्थ कळल्यावर आमच्या शाखेतली काही मंडळी दुखावतील, पण त्याला माझा इलाज नाही. मेकॉलेने या देशात कारकून निर्माण केले, असे गणेशोत्सवातले वक्ते दर वर्षी सांगतात. मेकॉलेसाहेब हिंदुस्थानात उतरले १८३४ साली. त्याच्या आधी कितीतरी वर्षे पुण्याच्या शनिवारवाड्यात आमची जमात मांडी ठोकून, कानाला बोरू लावून बसलेली होती.

कॉलेजात असताना 'रोजकीर्द', 'खतावणी', 'तेरीज' हे शब्द पाठ करता करता माझी दमछाक व्हायची. विद्यार्थी नापास व्हावेत म्हणून पाठ्यपुस्तक मंडळाने हे शब्द मुद्दाम घडवले असावेत, अशी आम्हा कॉमर्सवाल्यांची ठाम समजूत होती. हे शब्द पेशवाईतले आहेत, आपल्याआधी शेकडो कारकुनांनी त्यांच्याशी डोकेफोड केलेली आहे, हे आम्हाला कोणी सांगितलेच नाही. सांगितले असते तर मार्क वाढले नसते, पण एकटेपणा कमी झाला असता.

पुण्यात पेशवे दफ्तर आहे. त्यात कागदांचे हजारो रुमाल आहेत. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. कागद बांधून ठेवायचे चौकोनी फडके. अशा रुमालांत काय असेल? तलवारींचा खणखणाट? छे! बहुतेक आमचाच माल. हत्तींचा दाणा, किल्ल्यांची डागडुजी, श्रावणातली दक्षिणा, कुठल्या गावाचा वसूल किती आला, दुष्काळ पडला म्हणून सूट किती दिली. सगळे मोडीत. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरे लोंबकळत ठेवीत, बोरू होता होईतो न उचलता, धावत सुटायचे. शब्दाशब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाही. आमच्या मॅनेजरसाहेबांची सही पाहिली की ही लिपी अजून जिवंत आहे याची खात्री पटते.

आमच्या इतिहासातले मोठमोठे प्रसंगसुद्धा पाहा, हिशेबाच्या वहीतूनच डोकावतात. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झाले. नानासाहेब पेशवे कुमक घेऊन निघाले होते, ते तेव्हा माळव्यात भेलशाच्या आसपास होते. त्यांना ही बातमी कशी कळली? कुणा सरदाराने घोडा दौडवत येऊन सांगितली नाही. दहाएक दिवसांनी एका सावकाराचा कासीद वाटेत सापडला. त्याच्याजवळच्या चिठ्ठीत दोन मोत्ये गळाल्याचा, काही मोहरा गमावल्याचा आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणतीच नसल्याचा मजकूर होता. दोन मोत्ये म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. पेशव्यांना ते वाचताक्षणी उमगले. एक आख्खी पिढी कापली गेल्याची खबर अशी तोट्याच्या खात्यातल्या नोंदीसारखी आली. नानासाहेब त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर वारले. बॅलन्सशीटमध्ये तोट्याचा आकडा आम्ही रोज पाहतो, पण या चिठ्ठीची आठवण झाली की काउंटरवर हात थोडा थांबतो.

तीच गोष्ट १७७३ च्या ऑगस्टमधली. नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि त्यामागे 'ध'चा 'मा' झाला, असे आपण लहानपणापासून ऐकतो. 'धरावे'चे 'मारावे' झाले ते आनंदीबाईंनी केले की आणखी कोणी, की ही सारी नुसती दंतकथाच, यावर विद्वानांनी खुशाल वाद घालावा. माझा मुद्दा निराळा आहे. १८८१ च्या कायद्याप्रमाणे चेकवर महत्त्वाचा फेरफार केला तर तो चेक रद्द होतो. खाडाखोड केली असेल तर पूर्वी त्यावर पूर्ण सही लागायची. गारद्यांच्या जागी आमच्या काउंटरवरच्या देशमुखबाई असत्या तर त्यांनी तो कागद जाळीतून परत सरकवला असता आणि म्हणाल्या असत्या, "यावर सही आणा." तेवढ्या वेळात नारायणराव वाचले असते.

आणि हे सगळे कागद आले कुठून? १८१८ ला पेशवाई बुडाली आणि दफ्तर इंग्रजांच्या हाती गेले. त्यांना आपल्या इतिहासाचे प्रेम नव्हते. कोणाच्या इनामाला कोणता आधार, एवढेच त्यांना त्यातून पाहायचे होते. म्हणजे सरकारी सारा वाढवण्यासाठी ते कागद जपले गेले. हेतू काही का असेना, जपले हे खरे. पण सरदार-दरकदारांच्या घरी जे कागद माळ्यावर पडले होते त्यांना वाली कोण? पूर्वजांचे कागद म्हणून टाकवत नाहीत आणि मोडी येत नाही म्हणून वाचवत नाहीत! बारा महिने त्यांची विचारपूस करणारी एकच प्रजा, ती म्हणजे वाळवी.

अशा वेळी विश्वनाथ काशिनाथ राजवाडे नावाचा गृहस्थ उठला. जन्म १८६३ चा. पुण्यात मास्तरकी केली आणि सोडली. पत्नी तरुणपणीच वारली, पुन्हा लग्न केले नाही. इंग्रजी उत्तम येत असून लिहायचे ते मराठीतच, हा पण. वाईला जुन्या कागदांचे घबाड हाती लागले आणि १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला. त्यात १७५० ते १७६१ ची पत्रे, आणि पुढे भलीमोठी प्रस्तावना. असे बावीस खंड झाले. गावोगाव पायी हिंडायचे, हाताने शिजवून खायचे, आणि कोणाच्या माळ्यावर काही आहे का म्हणून विचारायचे. लोकांना हा मनुष्य वसुलीला आला की काय, अशी शंका येत असणार. बरे, स्वभाव असा की भांडणाला सहसा नाही म्हणायचे नाही. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढले, आणि पुढे तिथूनही फणकाऱ्याने निघून गेले. असा माणूस आमच्या शाखेत असता तर त्याची दर सहा महिन्यांनी बदली झाली असती, आणि दर बदलीच्या गावी त्याने एक माळा उपसला असता.

राजवाडे धुळ्याला वारले, तारीख ३१ डिसेंबर १९२६. माझ्यासारख्याला ती तारीख विसरता येत नाही. बँकांचे वर्ष पूर्वी ३१ डिसेंबरलाच संपायचे. त्या रात्री सगळी पुस्तके मिटवून मगच लोक घरी जायचे. राजवाड्यांची पुस्तके मात्र मिटली नाहीत. धातुकोशाचे काम तसेच उघडे राहिले, ते पुढे धुळेकरांनी छापले.

राजवाड्यांना मी लांबून नमस्कार करतो. लांबून अशासाठी, की त्यांच्यासारखे नोकरी सोडणे आपल्याला जमणारे नाही. गृहकर्जाचे हप्ते आहेत. माझ्या पंक्तीचा माणूस म्हणजे गोविंद सखाराम सरदेसाई, आपले रियासतकार. १८८९ साली बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या पदरी नोकरीस लागले आणि १९२५ ला निवृत्त झाले. छत्तीस वर्षे! महाराजांना वाचून दाखवायचे, राजपुत्रांना शिकवायचे, हुकूम झाला की विलायतेला जायचे. आणि राजपुत्रांसाठी काढलेल्या टिपणांतून, नोकरी सांभाळून, रियासती लिहायच्या. 'मुसलमानी रियासत' निघाली तीही १८९८ मध्येच. एकाच साली एकाने नोकरीवर लाथ मारून पुस्तक काढले आणि दुसऱ्याने नोकरी करून. तिकडे मिरजेला वासुदेवशास्त्री खरे शाळेत संस्कृत शिकवीत होते आणि उरल्या वेळात पटवर्धनांच्या दफ्तरातली पत्रे उतरवून छापीत होते. उरला वेळ ही काय चीज आहे, हे या माणसांकडून शिकावे. माझा उरला वेळ भाजी निवडण्यात जातो, आणि तीही नीट निवडलेली नसते असे वरून ऐकावे लागते.

निवृत्तीनंतर सरदेसाई कामशेतला राहिले. आमच्याकडे निवृत्त माणूस पहिले सहा महिने पेन्शनच्या कागदांसाठी शाखेत येतो आणि पुढे पेपर वाचायला येतो. सरदेसायांचा तरुण मुलगा श्यामकांत शांतिनिकेतनात शिकून पुढे जर्मनीला गेला होता, तो तिकडेच वारला. बापाने त्याची पत्रे जमवून छापली. दुसऱ्यांची जुनी पत्रे वाचण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला स्वतःच्या मुलाची पत्रे लावताना काय झाले असेल, त्याची कल्पना करवत नाही. त्यानंतर, १९३० मध्ये, वयाच्या पासष्टाव्या वर्षी हे गृहस्थ पेशवे दफ्तरात जाऊन बसले. रुमाल सोडायचे, चाळायचे, निवडायचे, पुन्हा बांधायचे. चारेक वर्षांत निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड बाहेर आले. ऐंशीच्या घरात मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत नव्याने तीन खंडांत लिहिला. १९५७ मध्ये पद्मभूषण मिळाले, १९५९ मध्ये गेले.

खंडांवर त्यांचे नाव आहे, ते योग्यच. पण आतल्या कागदांवर ज्याचे अक्षर आहे त्याचे नाव बहुधा नाहीच. सारसबागेपासून फार दूर नसलेल्या कुठल्याशा वाड्यातून पहाटे उठून, संध्या उरकून, पागोटे घालून तो फडावर जात असेल. धन्याने बोललेले निमूट उतरवून घेत असेल. हत्तीचा दाणा मांडताना त्याला घरच्या दाण्याची काळजी असेल. आमच्या भाषेत त्याला 'किरकोळ धनको' म्हणतात. ताळेबंदात सगळ्या किरकोळ धनकोंचा मिळून एक आकडा येतो, नावे नसतात. देणे मात्र खरे असते.

मागे आमच्या शाखेत जुने रेकॉर्ड काढून टाकायची टूम निघाली. १९८५ च्या नियमांप्रमाणे काही कागद पाच वर्षे ठेवायचे, काही आठ वर्षे, मग ते निकालात. सगळे संगणकात गेल्यापासून जाड पुठ्ठ्यांची लेजरे मागच्या खोलीत धूळ खात होती. लगद्याच्या कारखान्याची गाडी यायच्या आधी मी आणि आमचा शिपाई यादी करीत होतो. एका लेजरात, पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या पानावर, एका आजींच्या अंगठ्याच्या ठशाशेजारी कोणा कारकुनाने बारीक अक्षरात लिहिले होते, 'खातेदारास ऐकू कमी येते. शिल्लक दोनदा सांगावी.' सही नाही, तारीख नाही. मी ते पान शिपायाला वाचून दाखवले. तो म्हणाला, "साहेब, चांगला माणूस असेल." (मला साहेब म्हणणारा तो एकटाच.) लेजर नियमाप्रमाणे गाडीत गेले.

त्या रविवारपासून मी मोडीच्या वर्गाला जातो. वर्गात आम्ही अकराजण. दोन निवृत्त मास्तर, जमिनीच्या दाव्यासाठी आलेला एक शेतकरी, इतिहासाच्या चार मुली आणि बाकी माझ्यासारखे किरकोळ. सौभाग्यवतीला वाटले होते की दोन आठवड्यांत सुटेल, पण आता तीच रविवारी डबा भरून देते. पहिला महिना नुसती बाराखडी गिरवली. मग एके दिवशी सरांनी जुन्या जमाखर्चाच्या एका पानाची झेरॉक्स हातात दिली. मुली भराभर पुढे गेल्या. मला सगळे शेवयांसारखे दिसत होते. पानाच्या तळाशी नजर गेली आणि एक शब्द आपोआप सुटा झाला. मी मोठ्याने वाचला, "बाकी."

सर माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाले, "बरोबर. आता किती, ते वाचा."