अनारसा हसतो तेव्हा: मावळातून तिरुमलापर्यंतची गोष्ट

आजचा भाग एका गोड भांडणावर आहे.

तळेगाव, चाकण, हिंजवडीच्या नोकऱ्यांमुळे आपल्या सोमाटण्याच्या परिसरात तमिळ, तेलुगू, कन्नड कुटुंबंही राहायला आली आहेत. दिवाळीत शेजारून डबा आला आणि त्यात तांबूस, गोल, तळलेलं काही दिसलं, की आपण म्हणतो, ‘अरे, हा तर अनारसा!’ तमिळ घरात त्याला अधिरसम म्हणतात, तेलुगू घरात अरिसेलु आणि कन्नड घरात कज्जाय. मग वाद सुरू होतो: मूळ पदार्थ कुणाचा?

पण त्याआधी एक साधा प्रश्न विचारू. हा पदार्थ तळताना फुटत का नाही?

गव्हाची कणीक भिजवली की तिला ताण येतो. तांदळाच्या पिठात तो चिवटपणा नसतो. त्यात वर गूळ घातलेला. गरम तुपात गूळ पातळ होतो आणि पीठ सुटायला लागतं. आपल्याकडे यासाठी झकास शब्द आहे: अनारसा ‘हसला’. म्हणजे कढईत पसरला, गेला! अनारसा आणि अधिरसम ही याच एका अडचणीवरची दोन उत्तरं आहेत.

आपलं उत्तर म्हणजे वेळ. जुना तांदूळ तीन दिवस भिजवायचा, पाणी रोज बदलायचं. तांदूळ किंचित आंबतो, दाणा मऊ पडतो. मग उपसून सावलीत कापडावर पसरायचा आणि दमट असतानाच दळून चाळायचा. त्यात जवळजवळ तेवढाच किसलेला गूळ आणि थोडं तूप घालून गोळे डब्यात भरून ठेवायचे. चार-पाच दिवसांत पिठातल्या ओलीनेच गूळ विरघळतो आणि पीठ मिळून येतं. मग खसखशीवर थापायचं, खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तळायचं. उलटायचं नाही, वरून झाऱ्याने तूप उडवायचं. आतल्या ओलाव्याची वाफ बाहेर पडते आणि जाळी पडते.

तमिळ उत्तर म्हणजे पाक. तिथे तांदूळ दोनेक तासच भिजतो, पण गुळाचा पाक करावा लागतो. पाण्यात थेंब टाकला तर बोटांनी मऊ गोळी वळता आली पाहिजे. त्या पाकात दमट पीठ, वेलची, सुंठ. एखादा दिवस मुरवून दोन्ही बाजूंनी तळायचं आणि झाऱ्याने दाबून तूप काढायचं. आपण दिवस मोजतो, ते पाक बघतात. पीठ दमट हवं, ही अट मात्र दोन्हीकडे सारखी. म्हणून दुकानातलं कोरडं तांदळाचं पीठ इथे चालत नाही.

आता इतिहासाकडे. तिरुमलाच्या देवळातल्या विजयनगर काळातल्या शिलालेखांत ‘अतिरस’ नैवेद्याच्या यादीत येतो. कोणत्या नैवेद्याला तांदूळ, तूप किती, अशी मापंसुद्धा दगडात कोरलेली आहेत. म्हणजे पाचेकशे वर्षांपूर्वी हा पदार्थ देवळाच्या हिशेबात होता.

आणि मराठी माणूस तेव्हापासून फार लांब राहिला नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे 1670च्या दशकात तंजावरच्या गादीवर बसले. तिथलं भोसले घराणं 1855 पर्यंत टिकलं. पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ मराठी आणि तमिळ स्वयंपाकघरं एकाच गावात होती. अशा ठिकाणी ‘आमचं’ आणि ‘तुमचं’ यांच्यातली भिंत पातळच असणार.

मग अनारशात खास मराठी काय? पंचांग! चांद्र वर्ष 354 दिवसांचं, सौर वर्ष 365 दिवसांचं. हा फरक साठत जातो आणि साधारण 32-33 महिन्यांनी अधिक मास येतो. 2023 मध्ये अधिक श्रावण होता, 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ. त्या महिन्यात जावयाला तीस-तीन, म्हणजे 33 अनारसे द्यायची रीत आहे. मान जावयाचा, पण आठवडाभर राबणारे हात बहुतेक वेळा सासूबाईंचे. हेही इतिहासात लिहायला हवं.

मावळ तर भाताचाच मुलूख. इंद्रायणी हे वाण 1987 साली आपल्या शेजारच्या वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलं. पण इंद्रायणीचा भात चिकट, त्यामुळे अनारशाला काही घरं मुद्दाम कमी चिकट, जुना कोलम घेतात. काही घरं इंद्रायणीच वापरतात आणि गूळ बेतानं घालतात.

आता अनारशाचं तयार पीठ मिळतं. नोकरी करणाऱ्या घराला ती मोठी सोय आहे, त्यात कमीपणा काही नाही. पण मागे राहतं ते बोटांचं ज्ञान: हसला तर थोडं तांदळाचं पीठ मळायचं, कोरडा पडला तर दुधाचा हबका द्यायचा. हे कुठल्याच शिलालेखात नाही. ते आजीकडे आहे, आणि शेजारच्या पाटीकडे. हो, तमिळमध्ये आजीला पाटीच म्हणतात.

तेव्हा यंदा मोबाइलचा रेकॉर्डर सुरू करा आणि दोघींनाही एकच विचारा: ‘पीठ झालं हे तुम्हाला कसं कळतं?’ उत्तर आम्हाला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!