निरोगी देहावरील शस्त्र

धुळ्याहून आग्रा मार्गानें उत्तरेस निघालें म्हणजे सोनगीरचा किल्ला दिसूं लागतो. पायथ्याचें गांव तांब्यापितळेच्या भांड्यांसाठीं नांवाजलेलें. ज्या खानदेशावर फारुकी सुलतानांनीं १३८२ पासून १६०१ पर्यंत राज्य केलें, त्या प्रांतांत एका घरीं मुलाची सुंता म्हणजे सोहळा, तर शेजारच्या घरीं तो शब्द उच्चारणेंही अप्रशस्त. शतकानुशतकें शेजार झाला, तरी ही रेघ पुसली गेली नाहीं. अलीकडे वैद्यकशास्त्रानें तिच्यावरच बोट ठेवल्यामुळें आम्हांस हा संकोचाचा विषय घ्यावा लागत आहे.

निरोगी माणसानें रोग टाळण्यासाठीं अंगास इजा करून घ्यावी, ही मागणी आपल्याकडे नवी नव्हे. १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोचली गेली. पुढें हाफकिन यांनीं प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम स्वतःस टोचून घेतली आणि मग लोकांस विचारलें. त्याच वर्षीं पुण्यांत सरकारनें घरें झडतीच्या जोरावर तपासलीं, आणि २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. रोग एकच, पण विचारणें निराळें आणि जुलूम निराळा.

एच.आय.व्ही.च्या बाबतींतही पुणेंच पुढें आलें. तेथील गुप्तरोगांच्या दवाखान्यांत १९९३ ते २००० या काळांत २,२९८ पुरुषांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००४ सालीं लॅन्सेट साप्ताहिकांत आले. सुंता झालेल्यांस या विषाणूची बाधा पुष्कळच कमी आढळली. उपदंश व परमा यांपासून मात्र तसें रक्षण दिसलें नाहीं. वर्तनाचा फरक असता तर सर्वच रोग कमी व्हावयास हवे होते, म्हणून कारण देहरचनेंतच असावें, असा तर्क निघाला. दक्षिण आफ्रिका, केनिया व युगांडा येथील प्रयोगांनीं सुमारें साठ टक्के धोका टळतो असें दाखविलें, आणि २००७ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें, जेथें रोग फार व सुंता थोडी, अशा देशांस तिची शिफारस केली.

परंतु हे सारे हिशेब स्त्रीपुरुषसंबंधांचे. पुरुषाचा पुरुषाशीं संबंध असेल तेव्हां लाभ केवळ प्रवेश करणाऱ्यास; दुसऱ्यास त्याचा उपयोग नाहीं. चीनमध्यें २४७ पुरुषांवर झालेल्या प्रयोगांत (२०२४) सुंता केलेल्यांपैकीं कोणासही वर्षभरांत बाधा झाली नाहीं, न केलेल्यांपैकीं पांच जणांस झाली. आशा वाटावी असा आकडा, पण लहान.

आतां आपल्याकडील समलिंगी वा उभयलिंगी पुरुष यास राजी होईल काय? आमच्या मतें प्रश्न सुरीच्या भीतीचा कमी, ओळखीचा अधिक. १८६० च्या दंडसंहितेंतील ३७७ वें कलम त्यास गुन्हेगार ठरवीत होतें. दिल्लीच्या न्यायालयानें २००९ सालीं तें सैल केलें, २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पुन्हां आवळलें, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजीं प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतें मोडलें. जो वैद्यापुढें आपलें खरें सांगूं शकत नाहीं, त्याची संमति कोणत्या मोलाची? शिवाय त्यांतील कित्येक विवाहित. जखम भरेपर्यंत सहा आठवडे अंतर राखावयाचें, त्याचें कारण घरीं काय सांगावें? आणि हिंदु घरांतील तरुणास आणखी एक धास्ती: दंगलींत माणसाचा धर्म कोठें पाहिला जातो, हें आपण सर्व जाणतों. (मुसलमान तरुणास ही चिंता उपजतच भोगावी लागते, हें विसरूं नये.)

निरोध आहे; रोज घ्यावयाची प्रतिबंधक गोळीही आतां मिळते. त्यांच्या मागें न पडतां, मागणाऱ्यास शस्त्रक्रियाही मिळावी, एवढेंच आम्हांस मान्य. मात्र तिच्या चिठ्ठीवर कारण लिहितांना लेखणी थांबेल, तेव्हां डॉक्टरानें खोलींतील इतरांस बाहेर पाठवावें.