इशीचे धनुष्य आणि हंगामअखेरची पारध

धनुर्विद्या म्हटली की आपल्यापुढे अर्जुनाचा लक्ष्यवेध आणि एकलव्याचा अंगठा उभा राहतो. द्रोणाचार्यांनी गुरुदक्षिणेत नेमका अंगठाच का मागितला असावा, याचा उलगडा प्रत्यंचा ओढण्याच्या पद्धतीतून होऊ शकतो. आशियाच्या फार मोठ्या भागात प्रत्यंचा अंगठ्याने ओढीत. युरोपात ती बोटांनी ओढीत. अंगठ्याने ओढण्याच्या पद्धतीचाच एक प्रकार विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील एका वस्तुसंग्रहालयाच्या आवारात अभ्यासकांना पाहावयास मिळाला. तो ज्याच्या हातात होता, त्याला जग ‘इशी’ या नावाने ओळखते. आज अमेरिकेत हिवाळ्याच्या ऐन थंडीत साधे धनुष्य घेऊन हरणाची पारध करणारे जे शिकारी आहेत, त्यांच्या विद्येचा एक प्रमुख धागा या माणसापर्यंत पोहोचतो. तो धागा कसा टिकला, हे सांगण्याचा येथे हेतू आहे.

इशी हा उत्तर कॅलिफोर्नियातील याना लोकांच्या याही शाखेचा. लासेन शिखराच्या पायथ्याकडील मिल क्रीक आणि डियर क्रीक या प्रवाहांच्या दऱ्यांत हे लोक राहत. १८४८ साली कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि गोऱ्या वसाहतवाल्यांचा लोंढा तेथे लोटला. पुढील पंचवीस वर्षांत याहींच्या वस्त्यांवर हल्ले करून त्यांची कत्तल करण्यात आली. उरलेली मूठभर माणसे दऱ्यांत दडून राहिली. धूर दिसू नये, पाऊल उमटू नये, अशा बेताने त्यांनी कित्येक वर्षे काढली. बंदुकीसारखा आवाज न करणारे धनुष्य हाच त्यांचा आधार होता. १९०८ साली मोजणीदारांची एक तुकडी त्यांच्या लपलेल्या वस्तीवर जाऊन पोहोचली व तेथील धनुष्यबाण, कातडी, भांडी उचलून घेऊन गेली. त्यानंतर इशीचे उरलेसुरले आप्तही गेले. २९ ऑगस्ट १९११ रोजी ओरोव्हिल गावाजवळच्या एका कत्तलखान्याच्या आवारात तो एकटा, उपाशी अवस्थेत सापडला.

त्याची भाषा कोणालाच कळेना. कॅलिफोर्निया विद्यापीठातील मानववंशशास्त्रज्ञ टी. टी. वॉटरमन हे याना भाषेच्या शब्दांची यादी घेऊन ओरोव्हिलच्या तुरुंगात त्याच्यापाशी बसले व एकेक शब्द वाचू लागले. बराच वेळ काही उमगले नाही. शेवटी ‘सिविनी’, म्हणजे पाइन वृक्ष, हा शब्द उच्चारून त्यांनी खाटेच्या पाइनच्या लाकडी चौकटीवर बोट ठेवले, आणि इशीचा चेहरा उजळला. आपले नाव परक्याला सांगण्याची त्याच्या लोकांत रीत नव्हती. म्हणून आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला ‘इशी’ म्हटले. त्या भाषेत त्याचा अर्थ माणूस.

सॅन फ्रान्सिस्कोच्या वस्तुसंग्रहालयात इशी राहू लागला. शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यविशारद सॅक्सटन पोप यांची त्याच्याशी मैत्री जडली आणि डॉक्टर त्याचे शिष्य झाले. इशीचे धनुष्य जुनिपरच्या लाकडाचे, माणसाच्या उंचीहून बरेच आखूड असे. त्याच्या पाठीवर तो हरणाच्या स्नायूंचे तंतू सरसाने चिकटवी. त्यामुळे आखूड लाकूडही न मोडता वाके. बाणांची टोके तो ज्वालामुखीच्या काळ्या काचेची करी. हरणाच्या शिंगाच्या अणीने दाब देत तो काचेचे कपचे उडवी, व शहरात आल्यावर बाटलीच्या काचेवरही त्याने हेच कसब चालविले.

परंतु धनुष्य हा या विद्येचा लहानसा भाग होता. शिकारीच्या आदल्या दिवशी इशी मासे खात नसे, तंबाखू ओढीत नसे. हरणाला त्याचा वास येतो, असे तो सांगे. पहाटे उठून तो स्नान करी, अंगाला सुगंधी पाला चोळी आणि काही न खाता निघे. पाल्यात कपड्यांची सळसळ होते म्हणून तो ते उतरवून ठेवी. वारा सदैव समोरून यावा, अशी वाट धरी. पान ओठांशी धरून तो पाडसाच्या हाकेसारखा आवाज काढी. कधी हरणाचे पेंढा भरलेले डोके माथ्यावर घालून झुडपाआडून हलके हलके वर-खाली करी. कुतूहलाने हरीण जवळ आले की बसल्या बसल्याच बाण सोडी. लांब अंतरावर निशाण साधण्यापेक्षा हरणाच्या जवळ पोहोचण्यावर त्याचा सारा भर होता.

१९१४ साली क्रोबर, वॉटरमन, पोप आणि पोप यांचा मुलगा इशीला घेऊन डियर क्रीकच्या दरीत गेले. पोप यांनी त्याच्यासमवेत अनेकदा हरणांचा माग काढला, बाणही सोडले. पण एकही लागला नाही. पुढे पोप यांनी याची कारणे प्रामाणिकपणे नोंदविली: बरोबर नवशिक्या होता, आणि गोऱ्या माणसाला वेळ नव्हता.

२५ मार्च १९१६ रोजी क्षयाने इशीचे निधन झाले. न्यूयॉर्कहून क्रोबर यांनी कडाडून विरोध कळविला असताही त्याच्या देहाचे विच्छेदन झाले आणि मेंदू स्मिथसोनियन संस्थेकडे पाठविण्यात आला. २००० साली तो रेडिंग रँचेरिया व पिट रिव्हर येथील त्याच्या आप्तवंशीयांच्या स्वाधीन झाला आणि त्यांनी त्याच्या मायभूमीत त्याला विसावा दिला.

पोप यांनी १९१८ साली याहींच्या धनुर्विद्येवर ग्रंथ प्रसिद्ध केला व १९२३ साली धनुष्यबाणाच्या शिकारीवर दुसरा. स्वतःसाठी त्यांनी इंग्रजी धाटणीचे यू लाकडाचे लांब धनुष्य पसंत केले आणि त्याने पुढे आर्थर यंग या मित्रासह हरणे मिळविली. धनुष्य बदलले, तरी पारध करण्याची रीत बऱ्याच अंशी इशीची राहिली. या ग्रंथांनी नवी पिढी तयार झाली. १९३४ साली विस्कॉन्सिन राज्याने सॉक व कोलंबिया या जिल्ह्यांत केवळ धनुर्धाऱ्यांसाठी हरणाच्या शिकारीचा हंगाम ठेवला. १९६९ साली हॉलेस ॲलन यांना कप्प्यांच्या धनुष्याचे एकस्व मिळाले. त्यात पूर्ण ओढल्यावर हातावरचा बराचसा भार कमी होतो. असे सोयीचे साधन हाती असूनही काहींनी साधे धनुष्य सोडले नाही.

अशांची खरी कसोटी हंगामाच्या अखेरीस लागते. पाने गळून आडोसा उरलेला नसतो. गोठलेला बर्फ पावलागणिक करकरतो. बंदुकांचा हंगाम सोसलेली हरणे बिथरलेली असतात. मात्र माद्यांच्या मागे भटकण्याचे नरांचे दिवस सरलेले असतात; थंडीने भूक वाढते, आणि उरलेल्या चाऱ्याकडे हरणे रोज ठरावीक वाटेने येऊ लागतात. ती वाट आणि वारा ओळखून शिकारी गारठ्यात निश्चल बसतो. हरीण वीस पावलांवर येऊन मान वळवील, तेवढ्याच क्षणी धनुष्य ओढावयाचे; पूर्ण भार हातावर असल्याने ते फार वेळ ओढून धरता येत नाही. बाण लागला तरी धावत सुटणे वर्ज्य. बाण रक्तस्रावाने मारतो. म्हणून काही काळ थांबून बर्फावरील रक्ताचा माग काढावा लागतो. अशी पारध यशस्वी होते ती त्या वेळेच्या बळावर, जो १९१४ साली पोप यांच्यापाशी नव्हता.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार निषिद्ध ठरली आणि ते योग्यच झाले. शिकारीचा गौरव करण्याचा येथे हेतू नाही. परंतु ग्रंथालयाच्या शताब्दीच्या निमित्ताने या इतिहासाकडे पाहताना दोन गोष्टी मनात येतात. कोणीतरी कष्टाने उतरवून ठेवलेल्या शब्दांच्या यादीमुळे एका एकाकी माणसाशी संवाद होऊ शकला, आणि पोप यांच्या ग्रंथांमुळे त्याची विद्या अनोळखी वाचकांपर्यंत गेली. हे ग्रंथांचे ऋण मोठे आहे. पण त्या ग्रंथांत आले ते केवळ एका माणसाकडून, त्याच्या अखेरच्या साडेचार वर्षांत टिपता आले तेवढेच. एका समूहाची भाषा, त्याची गाणी, त्याच्या पायवाटांची माहिती असलेली माणसे त्यापूर्वीच मारली गेली होती. मायभूमीपासून दूर आपली भाषा जपणाऱ्या आपल्यासारख्यांना तो तोटा केवढा, हे सांगावयास नको. भाषा बोलणारी माणसे भोवती असतानाच ती लिहून ठेवावी आणि बोलत राहावी, याच निष्ठेने आपल्या पूर्वसूरींनी हे ग्रंथालय उभारले व चालविले.