…व साथीदार

दिवाळी पहाट असो, गणेशोत्सवातली भावगीतांची मैफल असो की महाशिवरात्रीचे भजन असो. आमच्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातल्या कार्यक्रमपत्रिका एकाच साच्यातून काढल्यासारख्या असतात. वर अध्यक्ष, त्याखाली देणगीदारांची लांबलचक रांग, मधोमध ठळक टाइपात गायकाचे नाव, आणि अगदी शेवटी, कागद संपता संपता, दोन शब्द: 'व साथीदार'. तबलजी, पेटीवाला, बासरीवाला, टाळ धरणारा, सारे या दोन शब्दांच्या पथारीवर दाटीवाटीने बसलेले! रात्री उशिराच्या बदलापूर लोकलमध्ये तबल्याची पिशवी मांडीवर घेऊन पेंगणारा एखादा माणूस दिसला, की हे दोन शब्दच डुलक्या घेत घरी चालले आहेत असे मला वाटते.

या दोन शब्दांचा इतिहास सांगण्यासाठी मी वाचकांना थोडे लांब, थेट इंग्लंडात नेणार आहे. पण घाबरू नये. परतीची गाडी आपल्या फोर्टातच येऊन थांबते.

लिव्हरपूल या बंदराच्या गावातल्या चार तरुणांनी साठीच्या दशकात जगाला वेड लावले. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार. चौघे मिळून बीटल्स. रॉक म्हटले की आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते, आणि पुष्कळदा ती रास्तही असते. पण बीटल्सचे खरे बळ गोंगाटात नव्हते. ते चालीत होते. एकदा ऐकलेली चाल दुसऱ्या दिवशी अंघोळ करताना आपसूक ओठांवर यावी, ही किमया त्यांना साधली होती. आणि चालीच्या जोडीला होते संयोजन. चाल एकाच्या मनात उमटते. पण तिच्याआधी काय वाजावे, दोन कडव्यांच्या मध्ये कोणी बोलावे, गाणाऱ्याच्या पाठीशी कोणी उभे राहावे आणि कोणी मुकाट बसावे, हे ठरवणे म्हणजे संयोजन. चाल ही नवरी खरी. पण तिला सजवून, वेळेवर, योग्य सोबतीने बोहोल्यावर आणणारे हात निराळेच असतात.

या चौघांतल्या जॉर्ज हॅरिसनच्या हाती सतार आली. १९६५ च्या डिसेंबरात निघालेल्या 'रबर सोल' या तबकडीतल्या 'नॉर्वेजियन वुड' या गाण्यात ती प्रथम वाजली. तिथे ती नव्या पाहुण्यासारखी आहे; चार सूर बोलते आणि संकोचून गप्प बसते. लंडनमध्ये तेव्हा 'एशियन म्युझिक सर्कल' नावाची संस्था होती. कर्नाटकातून तिकडे गेलेले अयन अंगडी आणि त्यांच्या इंग्रज पत्नी पॅट्रिशिया यांनी ती १९४६ साली काढली. भारतीय वादक हवा असला की लंडनचे लोक त्यांचेच दार ठोठावीत. १९६६ च्या एप्रिलात बीटल्सना तबलजी हवा झाला, तेव्हा अंगडींनी एका मराठी नावाच्या तरुणाला धाडले. तो अनिल भागवत.

'लव्ह यू टू' हे ते गाणे. इथे सतार पाहुणी राहिलेली नाही, घरची झाली आहे. आरंभी तालाविना छोटीशी आलापी, मग तबल्याचा प्रवेश, आणि अखेरीस लय चढवून समाप्ती. आपल्या मैफलीचा सारा आराखडा तीन मिनिटांत बसवलेला. सोळा मात्रांच्या अंगाने वाजवावे, मात्र मोकळेपणाने वाजवावे, एवढेच भागवतांना सांगण्यात आले होते. ऑगस्टमध्ये 'रिव्हॉल्व्हर' ही तबकडी बाजारात आली, तेव्हा तिच्या वेष्टनावर अनिल भागवत हे नाव छापलेले होते. त्याचा आपल्याला अभिमान वाटतो, असे भागवतांनी पुढे सांगितले. पैसे संपतात, टाळ्या विरतात. छापलेले नाव मात्र नातवंडांना दाखवता येते.

त्याच वर्षी सप्टेंबरात हॅरिसन मुंबईला आला. ताजमहाल हॉटेलात उतरून त्याने पंडित रविशंकरांपाशी सतारीचे धडे घेतले. विद्यार्थी म्हणून तो किती पुढे गेला हा प्रश्न वेगळा. स्वतः त्याने आपल्याला कधी सतारिया मानले नाही. पण आपल्याला काय येत नाही हे त्याला नेमके कळले, आणि ज्यांना ते येते त्यांच्याकडे जावे ही बुद्धी झाली. संयोजकाला याहून मोठा गुण तो कोणता हवा?

१९६७ साली 'सार्जंट पेपर्स' ही बीटल्सची सर्वांत गाजलेली तबकडी आली. तिच्यात 'विदिन यू विदाउट यू' हे पाच मिनिटांचे गाणे आहे. बीटल्सपैकी त्यात एकटा हॅरिसन. बाकीचे तिघे नाहीतच. दिलरुबा, तंबोरा, तबला, स्वरमंडल असा मेळ, आणि जोडीला आठ व्हायोलिने व तीन चेलो. पाश्चात्त्य वाद्यांचे काम जॉर्ज मार्टिन या कसबी निर्मात्याने लिहून काढले. पण खरी अडचण पुढेच होती. दिलरुब्याची मींड एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाते. लिहिलेल्या सुरांवर नेमके बोट ठेवणाऱ्या व्हायोलिनवाल्यांना ती घसरण पकडणे जड गेले. मधल्या भागात पाच-पाच मात्रांच्या तालात प्रश्नोत्तरे चालतात; आपल्या जुगलबंदीसारखीच. लंडनच्या नामांकित वाद्यवृंदातले लोक त्या दिवशी दिलरुब्याच्या मागून चालले होते. साथ कोण करत होते आणि साथ कोणाला होती, हे सांगणे कठीण!

आता या तबकडीचे वेष्टन पाहावे. दर्शनी बाजूला जगातल्या नामवंतांची जत्राच भरली आहे. त्यांत युक्तेश्वर, योगानंद, लाहिरी महाशय आणि बाबाजी असे चार भारतीय योगीही आहेत. मागच्या बाजूला गाण्यांचे शब्द छापले आहेत. मात्र ज्यांनी ते गाणे वाजवले, त्या भारतीय वादकांची नावे कोठेही नाहीत. चार योग्यांना जागा मिळाली. दिलरुबावाल्याला मिळाली नाही. अण्णा जोशी आणि अमृत गज्जर दिलरुब्यावर, बुद्धदेव कंसारा तंबोऱ्यावर आणि नटवर सोनी तबल्यावर, ही नावे जगापुढे आली ती २०१७ साली. म्हणजे तब्बल पन्नास वर्षांनी. अर्धे शतक जगभरच्या लोकांनी अण्णा जोशींचा दिलरुबा ऐकला आणि तो कुणाचा हे कुणी विचारले नाही.

येथून आपली गाडी मुंबईकडे वळते. 'वंडरवॉल' नावाच्या चित्रपटाचे संगीत हॅरिसनकडे आले होते. त्यासाठी जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा मुंबईत उतरला. फोर्टातल्या फिरोजशहा मेहता रस्त्यावर, युनिव्हर्सल इन्शुरन्स इमारतीत, तेव्हा एचएमव्हीचा स्टुडिओ होता. दोन मागांचे ध्वनिमुद्रण यंत्र तेथे नव्हते. कंपनीचे भास्कर मेनन यांनी ते कलकत्त्याहून आगगाडीने आणवले. खोली अशी, की बाहेरच्या रहदारीचा आवाज भिंतीतून आत डोकावे. लंडनच्या सुसज्ज स्टुडिओत वावरलेला माणूस अशा जागी का आला?

वाद्ये लंडनलाही मिळाली असती. मुंबईत त्याला हवे होते ते मुंबईचे वादक. चित्रपटातला एकेक प्रसंग हॅरिसनने घड्याळ लावून मोजला होता. अमुक इतके सेकंद आनंद, तमुक इतके सेकंद उदासी. मैफलीचा कलावंत राग मांडायला तासभर घेतो, आणि ते त्याला शोभतेही. पण दीड मिनिटात रंग भरून, ठरल्या क्षणी थांबायचे, हे कसब निराळे. आणि ते मुंबईच्या चित्रपटसृष्टीने आपल्या वादकांच्या हाडीमाशी रुजवले होते. या शाळेचे पंतोजी पुष्कळसे गोव्याचे. लाहोर सोडून मुंबईत आलेले सेबास्टियन डिसूझा, मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस अशा संयोजकांनी गाण्यांना वाद्यांचे अंगरखे शिवले. यांतल्या अँथनींचे नाव १९७७ सालच्या एका चित्रपटगीतात सर्वांच्या तोंडी बसले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी लक्ष्मीकांतांच्या जोडीने गुरूला वाहिलेली ती दक्षिणा होती. पण असा एक खराखुरा माणूस होता, हे गाणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक होते?

'वंडरवॉल म्युझिक' ही तबकडी नोव्हेंबर १९६८ मध्ये निघाली. तिच्यात एकोणीस लहान लहान तुकडे आहेत. काही लंडनचे, काही मुंबईचे. 'लव्ह सीन' या तुकड्यात आशिष खाँचा सरोद स्वतःशीच बोलतो. एकदा वाजवलेल्या सरोदावर त्यांनीच दुसरा सरोद वाजवला आहे. 'क्राइंग'मध्ये विनायक व्होरा यांची तारशहनाई आहे. रडणे हे नाव तिने सार्थ केले आहे. 'गत किरवाणी'त सरोद आणि सतार द्रुत लयीत धावतात. 'इन द पार्क'मध्ये शिवकुमार शर्मांचे संतूर आहे. अवघ्या तिशीतले शिवकुमार तेव्हा मुंबईच्या स्टुडिओंना चांगलेच परिचित होते.

आणि या तबकडीच्या वेष्टनावर नावे आहेत! मी ती यादी पुन्हा पुन्हा वाचली आहे. सूरबहारवर चंद्रशेखर, हे नारिंग्रेकर, म्हणजे आडनावात देवगडकडचे नारिंग्रे गाव घेऊन हिंडणारे. बासरीवर एस. आर. केंकरे, हे आडनाव उच्चारताच गोमंतक आठवावा. पेटी आणि तबलातरंगावर रिजराम देसाद. शहनाईवर शरद आणि हनुमान ही दोन नावे, पण आडनाव छापले आहे 'जादेव'. ते वाचताना मराठी डोळा थबकतो. हे मूळचे जाधवच असावे असे मला वाटते. लंडनच्या छापखान्यात त्यांचा एक कानामात्रा हरवला असेल. हरकत नाही. चुकलेले नाव दुरुस्त करता येते. न छापलेल्या नावाला दुरुस्ती नसते.

कारण त्याच मुक्कामात, १२ जानेवारीला, त्याच स्टुडिओत आणखी एक गाणे वाजवले गेले: 'द इनर लाइट'. गीता आणि उपनिषदे इंग्रजीत आणणारे केंब्रिजचे संस्कृतज्ञ हुआन मास्कारो यांनी हॅरिसनला चिनी 'ताओ ते चिंग' ग्रंथातला एक अध्याय सुचवला होता. घराबाहेर न पडता जग जाणता येते असा त्याचा आशय. म्हणजे विचार चिनी, अनुवादक स्पॅनिश, गायक इंग्रज आणि वाद्ये आपली! संयोजन साधे पण नेटके आहे. वाद्यांचा मेळ उल्हासाने धावतो. गाणे सुरू होताच सारे शांत होते आणि पेटी-बासरी गळ्याच्या आधाराला उभ्या राहतात. कडवे संपले की पुन्हा धाव. हॅरिसनने आवाज पुढे लंडनमध्ये भरला. १५ मार्च १९६८ रोजी 'लेडी मॅडोना'च्या पाठीवर हे गाणे निघाले. बीटल्सच्या दोन गाण्यांच्या तबकडीवर हॅरिसनची रचना येण्याची ही पहिलीच वेळ. तबकडीच्या गोल कागदावर रचनाकार म्हणून त्याचे नाव आहे, बीटल्सचे नाव आहे. फोर्टातल्या त्या खोलीत बसून ज्यांनी ते वाजवले त्यांच्यासाठी तेथे 'व साथीदार' हे दोन शब्दसुद्धा नाहीत.

यात हॅरिसनला दोष देण्याचा माझा हेतू नाही. लांब तबकडीवर त्याने नावे दिलीच. आणि आपले तरी काय? मराठी भावगीतांच्या जुन्या तबकड्या पाहाव्या. गायक असतो, कवी असतो, संगीतकार असतो. त्या अजरामर सुरुवातीच्या चार ओळी बासरीवर कोणी वाजवल्या ते सहसा नसते. उल्हासनगरात सिंधहून आलेल्या निर्वासितांनी भगतांची परंपरा आणली. १९४२ मधल्या लष्करी छावणीच्या जागी वसलेल्या या गावाला ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींनी उल्हासनगर हे नाव दिले. गावालासुद्धा नाव मिळाल्यावरच चेहरा येतो. १९३९ साली रुक स्थानकात ज्यांची हत्या झाली त्या संत कंवरराम भगतांची तसबीर तेथे घरोघरी भक्तीने पुजली जाते. पण त्यांच्या मागे उभे राहून झील धरणाऱ्यांना कोण ओळखतो? आणि आमच्या अंबरनाथच्या शिवमंदिरातही तेच. शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हे वर्ष आहे, शिलाहार राजा माम्वाणी याचे नाव आहे. भिंतीवरच्या त्या नाचत्या आकृती घडवणारे हात मात्र आपल्याला नावाने ठाऊक नाहीत. दगडावर नाव कोरणे कष्टाचे होते, ही सबब हजार वर्षांपूर्वी तरी चालून गेली.

आपल्याला ती चालणार नाही. कागद स्वस्त आहे, आणि आता तर कागदाचीही गरज उरलेली नाही. खिशातल्या दूरध्वनीवर जगातले वाटेल ते गाणे वाजते, पण त्याच्या काचेवर वेष्टनाची पाठ नसते. जी चार नावे पूर्वी नशिबाने छापली जात, तीही शोधावी लागतात. अण्णा जोशींना पन्नास वर्षे थांबावे लागले. आजच्या तबलजीला किती थांबावे लागेल?

म्हणून आमच्या तिन्ही गावांतल्या उत्सव मंडळांना माझी एक विनंती आहे. पुढच्या पत्रिकेत देणगीदारांची एक ओळ थोडी आखूड करावी आणि ते दोन शब्द खोडून त्या जागी माणसांची नावे लिहावीत: तबला कोण, पेटी कोण, बासरी कोण. आडनाव जाधवाचे जादेव झाले तरी चालेल. पण नाव असू द्यावे.