शाळेबाहेर भरलेला वर्ग

1934 साली मुंबईच्या न्यायालयात एक खटला चालला. आरोपी होते रघुनाथ धोंडो कर्वे आणि गुन्हा होता वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिल्याचा. हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण यांविषयी लोकांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाला पत्रे लिहिली होती. कर्व्यांनी ती बाजूला न सारता त्यांची उत्तरे छापली. त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लोक शंका विचारत असतील तर तिचे निरसन करणे अश्लील कसे ठरते, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. ते खटला हरले, कर्व्यांना 200 रुपये दंड झाला.

कर्वे पेशाने शिक्षक, गणिताचे प्राध्यापक. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचेही केंद्र सुरू झाले होते. प्रचार थांबवा किंवा नोकरी सोडा, असा पेच पडला तेव्हा 1925 मध्ये त्यांनी विल्सन कॉलेज सोडले. जुलै 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ निघाले आणि 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते त्यांनी पत्नी मालतीबाईंच्या साथीने चालवले. मराठीतला लैंगिक शिक्षणाचा पहिला मोठा वर्ग असा शाळेबाहेर भरला, कारण त्याच्या शिक्षकाला शिक्षणसंस्थेत जागाच उरली नव्हती.

स्वातंत्र्यानंतर हा विषय सरकारी भिंतींवर आला. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण गावोगावी पोहोचला. पण तो विवाहित जोडप्यांशी बोलत होता. आवाज फुटलेला मुलगा किंवा डाग पाहून घाबरलेली मुलगी त्याच्या हिशेबात नव्हती.

शाळेचे दार उघडले ते एड्सच्या भीतीने. केंद्र सरकारने 2005 मध्ये किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम आणला. नववी आणि अकरावीसाठी 16 तासांचा अभ्यासक्रम ठरला. 2007 मध्ये त्यातल्या चित्रांवरून महाराष्ट्र विधिमंडळात गदारोळ झाला आणि राज्याने तो कार्यक्रम रोखला. गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक, राजस्थान यांनीही हीच वाट धरली. आक्षेप प्रामुख्याने चित्रांवर होता. ती बदलता आली असती, पण थांबला तो अख्खा कार्यक्रम. ज्यांच्यासाठी तो होता, त्या मुलामुलींना मात्र कोणी विचारले नाही.

2012 मध्ये बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा पोक्सो कायदा आला. आपल्यावर काय घडले हे मुलाने सांगावे, अशी अपेक्षा आता कायदाच करू लागला. त्यासाठी मुलाजवळ आधी शब्द हवेत. अवयवांची नावे घरात उच्चारली जात नाहीत आणि वर्गात तो धडा ‘घरी वाचा’ म्हणून सोडला जातो, तर ते शब्द त्याला कोण देणार?

2018 मध्ये राज्याने अस्मिता योजना सुरू केली. जिल्हा परिषद शाळांतल्या 11 ते 19 वर्षांच्या मुलींना 5 रुपयांत 8 सॅनिटरी पॅड मिळू लागले. त्याच वर्षी दहावीचे विज्ञानाचे नवे पुस्तक आले. त्यात मानवी प्रजनन, मासिक पाळी, प्रजनन आरोग्य हे सगळे नीट समजावले आहे. पॅडचे पाकीट पाचवी-सहावीतल्या मुलीच्या हातात आले. त्याचा अर्थ सांगणाऱ्या त्या पानांपर्यंत पोहोचायला तिला आणखी चार-पाच इयत्ता चढायच्या होत्या.