अक्षर-ध्वनी खेळ

अक्षर-ध्वनी खेळ म्हणजे बोलण्यातील ध्वनी आणि ते दाखविणारी लेखनचिन्हे यांचा संबंध लहान मुलांच्या मनात पक्का व्हावा, यासाठी घरात, बालवाडीत आणि प्राथमिक शाळेच्या सुरुवातीच्या इयत्तांत वापरले जाणारे खेळ. यात ध्वनी ऐकून ओळखणे, शब्दाचे तुकडे करणे व ते पुन्हा जोडणे, सुट्या अक्षरांपासून शब्द तयार करणे आणि शुद्धलेखनाचा सराव करणे अशा कृतींचा समावेश होतो. इंग्रजीसाठी विकसित झालेल्या ‘फोनिक्स’ पद्धतीतील अनेक खेळ मराठीतही वापरले जातात. मात्र देवनागरी लिपीची रचना रोमन लिपीहून वेगळी असल्याने त्यांत बदल करावे लागतात.

## पार्श्वभूमी

शाळेत येण्यापूर्वीपासून मराठी मुले भाषेशी खेळत असतात. ‘च’ची भाषा हे त्याचे परिचित उदाहरण आहे. तिच्या एका प्रचलित रीतीत शब्दाचे पहिले अक्षर शेवटी नेऊन त्याच्या जागी ‘च’ ठेवतात. त्यामुळे ‘मला’चे ‘चलाम’ होते. शब्दांच्या भेंड्या, ‘नाव-गाव-फळ-फूल’ आणि उलटसुलट सारखी वाचली जाणारी वाक्ये हेही याच परंपरेतील खेळ होत. ‘चिमा काय कामाची’ हे वाक्य कानाला दोन्ही बाजूंनी सारखे लागते. परंतु लिहिताना पहिली ‘चि’ ऱ्हस्व आणि शेवटची ‘ची’ दीर्घ असते. ऐकणे आणि लिहिणे यांतील हा फरक शुद्धलेखनाच्या अध्यापनात महत्त्वाचा ठरतो.

शिक्षणपद्धती म्हणून अशा खेळांना विसाव्या शतकात स्थान मिळाले. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोम येथे पहिले बालगृह सुरू केले. बोटाने गिरविण्याची खरखरीत कागदाची अक्षरे आणि शब्द जुळविण्यासाठी सुटी अक्षरे ही त्यांच्या पद्धतीतील प्रसिद्ध साधने आहेत. भारतात गिजुभाई बधेका यांनी भावनगर येथे आणि ताराबाई मोडक यांनी आधी भावनगर येथे व नंतर महाराष्ट्रात या विचाराचा प्रसार केला. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाड येथे नेले. तेथे अनुताई वाघ यांच्या साथीने महागड्या साधनांऐवजी परिसरात मिळणाऱ्या वस्तूंचा शिक्षणासाठी उपयोग करण्यात आला.

## देवनागरी लिपीचे स्वरूप

रोमन लिपीत व्यंजन आणि स्वर स्वतंत्र अक्षरांनी लिहिले जातात. देवनागरीत व्यंजन व त्याला जोडलेला स्वर मिळून एक अक्षर होते. ‘कान’ या शब्दात क्, आ आणि न् असे तीन ध्वनी आहेत, तर लेखनात ‘का’ आणि ‘न’ अशी दोन अक्षरे आहेत. उच्चारात मात्र शेवटच्या ‘न’मधील अकार ऐकू येत नाही, त्यामुळे शब्द एकाच झटक्यात उच्चारला जातो. टाळ्या वाजवून शब्दाचे तुकडे करण्याच्या खेळात ‘कान’साठी एक टाळी वाजविणारे मूल कानाने ऐकलेले बरोबर सांगत असते, दोन टाळ्या वाजविणारे मूल अक्षरे मोजत असते. खेळ ऐकण्याचा आहे की अक्षरे मोजण्याचा, हे आधी ठरलेले नसल्यास बरोबर उत्तरही चूक ठरविले जाण्याचा संभव असतो.

लिपीची आणखी काही वैशिष्ट्ये मुलांना अवघड जातात. ऱ्हस्व इकाराची खूण व्यंजनाच्या आधी लिहिली जाते, पण तिचा उच्चार नंतर होतो. ‘चार’ आणि ‘चारा’ या शब्दांतील ‘च’चे उच्चार भिन्न असले तरी अक्षर एकच आहे. ‘र’ हे व्यंजन जोडाक्षरात ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘राष्ट्र’ आणि ‘दऱ्या’ अशा वेगवेगळ्या रूपांत दिसते. शिवाय बाराखडी व जोडाक्षरे मिळून ओळखावयाच्या आकृतींची संख्या मोठी होते. त्यामुळे भारतीय लिपींमध्ये अक्षरओळख इंग्रजीच्या तुलनेत अधिक काळ चालते. कन्नड मुलांविषयी सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासातही हे दिसून आले आहे.

## खेळांचे प्रकार

### ऐकण्याचे खेळ

या खेळांना कागद-पेन्सिल लागत नाही. ‘माळ, माती, ताट, मासा’ यांतून वेगळ्या सुरुवातीचा शब्द शोधणे, दिलेल्या ध्वनीने सुरू होणाऱ्या वस्तू खोलीत शोधणे किंवा तुटकपणे उच्चारलेले ध्वनी जोडून शब्द ओळखणे, हे यांतील सोपे प्रकार होत. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ दानिएल एल्कोनिन यांच्या पद्धतीत शब्दातील प्रत्येक ध्वनीसाठी एक चौकट आखतात आणि तो ध्वनी उच्चारताना त्या चौकटीत सोंगटी सरकवतात. मराठीत चिंचोके वापरून हा खेळ खेळता येतो. ‘कान’साठी तीन चिंचोके लागतात, हे कळले की ‘का’ या एका अक्षरात दोन ध्वनी असल्याचे मुलाच्या ध्यानात येते. काना-मात्रा समजण्यासाठी ही जाणीव उपयोगी पडते.

### अक्षरे जोडण्याचे खेळ

मुळाक्षरे क्रमाने संपूर्ण शिकविण्याऐवजी थोड्या अक्षरांचा गट घेऊन लगेच शब्द तयार करण्याची रीत महाराष्ट्रात रुळलेली आहे. ‘गमभन’ हे त्याचे सुपरिचित उदाहरण होय. या चार अक्षरांच्या चिठ्ठ्यांतून ‘मन’, ‘नग’, ‘नभ’, ‘गगन’ असे शब्द जुळविता येतात. काना मिळताच त्यांत ‘मान’, ‘नाग’, ‘भाग’, ‘भान’ यांची भर पडते. त्यामुळे थोड्याच अक्षरांच्या बळावर मुलाला खरा शब्द वाचल्याचा अनुभव मिळतो. जमिनीवर चौकोन आखून पुकारलेल्या अक्षरावर लंगडी घालत जाणे, अक्षरांचा तांबोला, चित्र व शब्द यांच्या जोड्या लावणे हेही प्रकार प्रचलित आहेत.

‘टमू’, ‘गीफा’ अशा अर्थहीन शब्दांचे वाचन हा वेगळा प्रकार आहे. असा शब्द पाठ असण्याची शक्यता नसल्याने मूल अक्षरे जोडून वाचते की आठवणीने, हे त्यातून समजते. इंग्लंडमध्ये २०१२ पासून घेतल्या जाणाऱ्या ध्वनिवाचन चाचणीतील ४० शब्दांपैकी २० शब्द असेच बनविलेले असतात.

### शुद्धलेखनाचे खेळ

सध्या प्रमाण मानले जाणारे मराठी लेखनविषयक नियम १९६२ मध्ये स्वीकारले गेले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडून ते १८ झाले. ‘इ’ व ‘उ’ यांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद दैनंदिन बोलण्यात नेहमी स्पष्ट ऐकू येत नाही. त्यामुळे ‘नीट ऐक आणि लिही’ ही सूचना पुरेशी ठरत नाही. अक्षराचे शब्दातील स्थान पाहावे लागते. अकारान्त शब्दातील शेवटच्या अक्षराआधीचा इकार-उकार सामान्यतः दीर्घ असतो, पण प्रत्यय लागताच तो ऱ्हस्व होतो: फूल-फुलाला, मूल-मुलाला, विहीर-विहिरीत. चिठ्ठीवरील शब्दाला प्रत्यय जोडून तो योग्य डब्यात टाकण्याच्या खेळातून हा नियम सूत्र न सांगताही लक्षात आणून देता येतो. ‘गुण’सारखे तत्सम शब्द या नियमाला अपवाद असल्याने ते सुरुवातीला वगळणे सोयीचे ठरते. ‘दिन-दीन’ किंवा ‘दर्या-दऱ्या’ अशा जोड्यांतून लेखनभेदाने होणारा अर्थभेद दाखविता येतो.

शब्दांच्या भेंड्यांतही असा एक नियम दडलेला आहे. मराठी शब्द ‘ण’ किंवा ‘ळ’ने सुरू होत नाहीत. त्यामुळे ‘बाळ’ किंवा ‘बाण’ या शब्दावर खेळ अडतो आणि ‘ल’ व ‘न’ चालतील, असे खेळाडूंना आपसात ठरवावे लागते.

## इंग्रजी वाचनासाठी उपयोग

महाराष्ट्रातील शाळांत २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. मराठीत ‘क’ या अक्षराचे नाव हाच त्याचा उच्चार असतो. इंग्रजीत अक्षराचे नाव आणि ध्वनी वेगळे असतात. ‘डब्ल्यू’ या अक्षराच्या नावात त्याचा नेहमीचा ‘व’ हा ध्वनी येतच नाही. शिवाय २६ अक्षरांतून सुमारे ४४ ध्वनी दाखवावे लागत असल्याने एकाच ध्वनीसाठी अनेक लेखने आढळतात. म्हणून इंग्रजीच्या खेळांत अक्षराच्या नावाऐवजी ध्वनीवर भर देतात.

## परिणामकारकता व मर्यादा

अमेरिकेतील राष्ट्रीय वाचन मंडळाच्या २००० मधील अहवालानुसार, ध्वनिजाणिवेचा सराव अक्षरांसह केल्यास आणि एका वेळी एक-दोन कौशल्यांवरच भर दिल्यास अधिक लाभ होतो. हे निष्कर्ष प्रामुख्याने इंग्रजी वाचनावरील संशोधनावर आधारलेले आहेत. भारतात राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आणि २०२१ मध्ये सुरू झालेले निपुण भारत अभियान यांनी पायाभूत साक्षरतेसाठी खेळांच्या वापरास पाठबळ दिले आहे.

वेगावर आधारलेल्या खेळांत वाचता येणारी मुलेच उत्तरे देतात आणि ज्यांना सरावाची सर्वाधिक गरज असते ती गप्प राहतात. लहान गट, पाळीपाळीने संधी आणि मुलांनी मिळून पूर्ण करावयाचे डाव हे त्यावरील उपाय होत. खेळाची रंगत आणि त्यातून होणारा सराव यांचे प्रमाणही पाहावे लागते: अर्ध्या तासात मुलाच्या वाट्याला एकच अक्षर येत असेल, तर वाचनाचा सराव अत्यल्प होतो.

बोलीचा प्रश्नही यात गुंतलेला आहे. अनेक बोलींत ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ किंवा ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ असा उच्चार होतो. असे बोलणाऱ्या मुलासाठी तो ध्वनी ओळखण्यातील दोष नसून घरच्या भाषेचा नियम असतो. खेळात त्याचा उच्चार बाद ठरविल्यास मूल बोलणेच टाळण्याची शक्यता असते. बोलीतील शब्द खेळात स्वीकारून त्याचे प्रमाण लेखन शेजारी मांडल्यास घरची भाषा न नाकारता ‘ण’ व ‘ळ’ यांची ओळख करून देता येते.